छातीत दोन, मास्कवर एक

पोलीस प्रशिक्षण केंद्रात नवी तुकडी आली की पहिल्या सकाळी एक गंमत हमखास व्हायची. शस्त्रं शिकवणारे उस्ताद कुठे आहेत, म्हणून पोरंपोरी मैदानभर एखादा मिशाळ, पोट सुटलेला, खर्जात ओरडणारा बाप्या शोधत राहायची. तेवढ्यात मागून खाकी पँट घातलेली एक बुटकी बाई यायची आणि विचारायची, "सापडले का उस्ताद? नाही ना? मग रांगेत उभे राहा."

हे पद पहिल्यांदाच बाईकडे गेलं तेव्हा तिला काय म्हणायचं यावर कार्यालयात बराच खल झाला होता. कुणीतरी 'उस्तादीण' असं सुचवलं. तिने त्या माणसाकडे नुसतं पाहिलं आणि तो विषय तिथेच मिटला. तेव्हापासून ती उस्ताद. तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. शेजारी त्याला मुद्दाम थट्टेने विचारायचे, "उस्ताद घरी आहेत का?" त्या भल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नसे. तो आत वळून हाक मारायचा, "अहो उस्ताद, कुणी आलंय."

तिचा पहिला धडा शेडमधल्या लांब टेबलापाशी व्हायचा. टेबलावर आवाजाची काडतुसं, जाड रबरी गोळ्या आणि शेवटी रंगाच्या छोट्या गोळ्या मांडलेल्या असत. खरं काडतूस एकही नाही. मग ती विचारायची, "यातली जीव घेणारी कुठली?" पोरं एकमेकांकडे बघायची आणि कुणीतरी शहाणा म्हणायचा, "एकही नाही, उस्ताद." ती याच उत्तराची वाट बघत असायची. आवाजाचं काडतूस उचलून ती डावा तळहात पुढे करायची. अंगठ्याखाली मांस खरवडून काढल्यासारखा खड्डा होता.

"यात गोळीच नसते. नुसता आवाज. माझ्या सोबत्याने गंमत म्हणून नळी इथे टेकवली आणि नुसता आवाज केला." मग ती रबरी गोळीकडे वळायची. "ही लांबून मारली तर समोरचा शिवी देतो. जवळून मारली तर बरगडी मोडते. तोंडावर बसली तर माणूस जातोसुद्धा. लोक म्हणतात, ही दयाळू गोळी. गोळी कसली दयाळू? सगळा खेळ अंतराचा आहे, आणि अंतर तुम्ही राखायचं असतं. तुमची पाचावर धारण बसली की सगळ्यात आधी अंतर जातं, हे ध्यानात ठेवा."

रंगाच्या गोळ्यांवर मात्र तिचा जीव होता. बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं टोपण आणि आत साबणासारखा रंग. त्यांच्यासाठी पिस्तुलं वेगळी होती. त्यांचा वरचा भाग निळा असायचा आणि नळी बदललेली असायची, त्यामुळे खरं काडतूस त्यात बसतच नसे. कपड्यावरून लागली तरी जांभळा वळ उठायचा आणि पुढचे कितीतरी दिवस बसता-उठता आठवण करून द्यायचा. तिचा नियम होता, आधी खायची, मग मारायची. प्रत्येकाने मांडीवर एक गोळी झेलल्याशिवाय निळं पिस्तूल हातात मिळत नसे, आणि पहिली गोळी ती स्वतःच्या मांडीवर मारून घ्यायची. नवरा म्हणायचा, "तुझ्या मांडीवर माझ्या रंगांच्या पेटीपेक्षा जास्त रंग आहेत."

या गोळ्यांसाठी ती वरिष्ठांशी कडाकडा भांडलेली होती. कागदावरच्या माणसाला मारून मारून पोरं तयार होतात ती कागदावरच, असं तिचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. कागदावर एकावर एक नेम साधणारे पठ्ठे खोलीत शिरताना दारातच छाती काढून उभे राहायचे. पोटात दोन रंगीत गोळ्या बसल्या की तेच पठ्ठे भिंतीचा आडोसा घ्यायला बिनबोभाट शिकायचे. तिच्या हाताखालून गेलेली पोरं बाहेर धडधाकट राहतात, असं लोक बोलायचे. तिला बाकी कौतुकाची गरज वाटत नसे.

मैदानाच्या टोकाला सराव करायचं 'घर' होतं. लाकडी फळ्यांच्या भिंती, चार खोल्या, एक अरुंद बोळ, वर पत्रा. आत एक जण चोर व्हायचा आणि दोघांची जोडी खोल्या तपासत त्याच्यापर्यंत पोहोचायची. शेवटच्या परीक्षेला चोर कायम उस्तादच. आणि तिच्यासारखा लबाड चोर दुसरा नव्हता. ती रडायची, हात जोडायची, पिस्तूल फेकून दुसरं काढायची. तिची सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे पोरं दारात आली की जिवाच्या आकांताने ओरडायचं, "थांबा! थांबा! खरी गोळी आहे!" पोरं गडबडून हात खाली करायची आणि ती दोघांनाही रंगवून काढायची. मग बाहेर येऊन झापायची, "चोर काय तुमच्या आत्याबाई आहेत, खरं बोलायला? तोंड ऐकायचं नाही, हात बघायचे. छातीत दोन, मास्कवर एक. संपलं."

चेहऱ्यावर जाड प्लास्टिकचा मास्क प्रत्येकाला सक्तीचा होता. घरात पाऊल टाकल्यापासून बाहेर येईपर्यंत तो काढायचा नाही. गुदमरलं, काच धुरकटली, शिंक आली, काही झालं तरी नाही. हा नियम तिने स्वतःही कधी मोडला नव्हता.

त्या वर्षीच्या तुकडीत तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा होता. ताईचा या नोकरीला पहिल्यापासून विरोध. "हळवं पोर आहे गं माझं, त्याला गोळ्या-बंदुका कशाला?" पण पोरगा हट्टाला पेटला, आणि शेवटी ताईने त्याची बॅग बहिणीच्या दारात आणून ठेवली. "तुझ्या भरवशावर सोडतेय. उद्या काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही." हे ती हसत म्हणाली होती, पण उस्तादला आपली बहीण पुरती ठाऊक होती.

आणि पोराचं घोडं नेमकं तिथेच अडलं. नेम चांगला, पळणं चांगलं, पण समोर माणूस आला की त्याचा हात थबकायचा. पहिल्या परीक्षेत उस्ताद चोर होऊन ओरडली तेव्हा हा दारात नुसता उभा राहिला. पिस्तूल रोखलेलं, बोट चापावर, आणि पुढे काहीच नाही. तिने त्याला गळ्यापासून पोटापर्यंत रंगवला तरी तो उभाच. तुकडीने त्याचं नाव ठेवलं 'ब्रेक'. दुसऱ्यांदा अडला तर सामान बांधून घरी, असा केंद्राचा नियम होता. मैदानावर तो तिला "उस्ताद" म्हणायचा आणि ती त्याला बाकीच्यांपेक्षा काकणभर जास्तच दामटायची. भाचा म्हणून सूट दिली असं म्हणायला कुणाला तोंड मिळू नये, हा एक भाग. दुसरा भाग असा, की तो असाच थबकत राहिला तर बाहेर पहिल्याच प्रसंगात मरेल, या भीतीने तिची झोप उडाली होती.

सुट्टीच्या दिवशी तो घरी यायचा तेव्हा तो 'मावशी' म्हणायचा, पण सुटका तिथेही नव्हती. कपड्यांचा ब्रश पिस्तूल व्हायचा आणि नवरा चोर. बिचारा कणीक मळता मळता हात वर करायचा. "अरे बाबा, गॅस तरी बंद करू दे." भाचा खळखळून हसायचा आणि तिचा पारा चढायचा.

"हसतोस काय? तो बोलला आणि तू ऐकलंस. संपलास तू."

"मावशी, पण काका आहेत ते."

"चोर आहे तो! दारात दिसला तो चोर. बोट विचार करत बसलं की माणूस मेला. विचार सगळा दाराच्या बाहेर. आत गेलास की फक्त हात."

हे तिने त्याच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं, की पुढे पुढे काकांनी चहाचा कप पुढे केला तरी त्याचं बोट आपोआप वळायचं. ते पाहून तिला बरं वाटायचं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी नेहमीसारखी झडती झाली. घराच्या अंगणात यायच्या आधी प्रत्येकाची कंबर, खिसे, मोजे, पिशवी तपासायची आणि आत खरं काडतूस किंवा खरं शस्त्र नाही याची खात्री झाली की दंडाला पिवळी पट्टी बांधायची. पट्टी म्हणजे हा माणूस तपासलेला आहे. अंगणाबाहेर पाऊल टाकायचं तर पट्टी कापून टाकायची आणि परत येताना पुन्हा झडती. झडतीचं काम नानांकडे होतं. नाना म्हणजे तिचे मदतनीस, निवृत्तीला टेकलेले, सावकाश पण चोख. घराच्या दाराशी शिट्टी घेऊन तेच उभे असत. शिट्टी वाजली की सगळं थांबायचं. पूर्वी चोराकडेही एक शिट्टी असायची, पण हाताशी सुटका असली की चोरालाही आणि पोरांनाही धाक राहत नाही, म्हणून ती तिनेच बंद केली होती.

दुपारी जेवणं होतायत तोवर फाटकावरचा पहारेकरी उलट्या करायला लागला. कार्यालयातून निरोप आला, तासाभरासाठी कुणीतरी पाठवा. भाच्याची पाळी सगळ्यात शेवटी होती आणि तो सकाळपासून बाकावर बसून नखं कुरतडत होता. उस्तादला वाटलं, इथे बसून बसून हा आणखी आकसेल, त्यापेक्षा जरा फिरून येऊ दे.

"जा रे, फाटकावर उभा राहा. बोलावलं की पळत ये."

तो गेला. निळं पिस्तूल टेबलावर ठेवून गेला. फाटकावर त्याच्या कमरेला पहाऱ्याचं पिस्तूल आलं, भरलेलं. आणि दंडावरची पिवळी पट्टी तशीच राहिली. ती कापायचं काम पाठवणाऱ्याचं, म्हणजे तिचं होतं. नाना तेव्हा हात धुवायला गेले होते आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, पोरगं आज थबकू नये.

त्याची पाळी आली तेव्हा तो धावत आला, घामाघूम. नानांनी दंडावर पट्टी पाहिली आणि मास्क त्याच्या हातात दिला. पट्टी आहे म्हणजे तपासलेला आहे. वर्षानुवर्षं ती पट्टी खोटी बोलली नव्हती. जोडीदारीण दारात थांबलेलीच होती. तिला सगळे 'चिमणी' म्हणायचे. चणीने लहान, पण तुकडीत तिच्याइतकं झटपट कुणी नव्हतं. भाच्याने टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेला होल्स्टर होतं, होल्स्टरमध्ये पिस्तूल होतं. आत शिरताना ते उपसायचं, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक होतं.

उस्ताद शेवटच्या खोलीत होती. कोपऱ्यात फळ्यांचं उभं कपाट होतं आणि त्याच्या आडून तिला बोळाचा तुकडा दिसत होता. लाउडस्पीकरवर किंचाळण्याची, कुत्र्यांची, काचा फुटण्याची टेप लावलेली होती. गोंधळात डोकं शांत राहावं म्हणून ती टेपही तिचीच कल्पना. मागच्या फळ्यांपलीकडे परीक्षा उरकलेली पोरं बाकांवर बसली होती. मास्क काढून, पाणी पीत, एकमेकांचे वळ मोजत.

पहिली खोली झाली. दुसरी झाली. चिमणीचा आवाज आला, "रिकामी!" मग भाच्याचा, "रिकामी!" आवाज ठणठणीत होता. तिला हायसं वाटलं. बोळात दोघं दिसली. तो पुढे, ती मागे डावीकडे. पावलं बरोबर, कोपर बरोबर. वा रे पठ्ठ्या, असं तिच्या मनात आलं, आणि पत्र्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप त्याच्या हातावर पडली.

पिस्तुलाचा वरचा भाग निळा नव्हता. काळा होता. मुठीच्या खालून पहाऱ्याच्या पिस्तुलाला असते ती गोफ विणलेली दोरी लोंबत होती.

क्षणभर तिला ते दिसूनही कळेना. मग तिची नजर त्याच्या दंडावर गेली. पिवळी पट्टी. फाटक, पट्टी, 'जा रे' सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. कुणावर खापर फोडायलाही जागा नव्हती.

ती ओरडली, "थांबा! खरी गोळी आहे!"

आणि ओरडतानाच तिला कळलं, की आपण काय ओरडतोय.

दोघंही थांबली नाहीत. त्याचे खांदे जरासे खाली झाले, तिने शिकवले होते अगदी तसे. तोंड ऐकायचं नाही.

"नाना! शिट्टी! नाना!" टेपवरची कुत्री तिच्यापेक्षा जोरात भुंकत होती. तिने आपलं पिस्तूल बोळात भिरकावलं. चिमणीने त्या पिस्तुलाकडे पाहिलंही नाही, नजर उस्तादच्या दुसऱ्या हातावर. शाबास. चोर पिस्तूल फेकून दुसरं काढतो, हेही तिनेच शिकवलेलं. "अरे पोरा, फाटकावरचं आहे ते! बघ हातात!" हे वाक्य तिने पूर्वी कधी वापरलं नव्हतं, पण लबाड चोराकडे रोज नवं वाक्य असतं, हे पोरांना पक्कं माहीत होतं.

कपाटाच्या आड बसून राहावं, असं एकदा मनात आलं. पण रंगाची गोळी फळीवर फुटते, खरी गोळी फळी भेदून पलीकडे जाते. पलीकडे बाकांवर पोरं बसली होती. त्यांचं हसणं टेपच्या मधूनमधून ऐकू येत होतं. आणि इकडे तिचा भाचा होता, ज्याला आयुष्यभर कळत राहणार होतं की आपण काय केलं. तिला मरणाची भीती वाटलीच नाही असं नाही, वाटली. पण त्याहून मोठी भीती ताईच्या तोंडाची होती. मावशीचा खून केलेला मुलगा ती ताईला परत करणार होती.

एकच गोष्ट उरली होती, जी तिने चोर होऊन कधीच केली नव्हती. कुणीच कधी केली नव्हती. ती आडोशातून बाहेर आली, उघडी, भिंतीपासून दूर, हात वर. मग दोन्ही हातांनी मास्क ओढून काढला आणि चेहरा त्याच्याकडे केला.

"पोरा," ती म्हणाली. "मी आहे."

तो दारात होता. मास्कच्या काचेमागे त्याचे डोळे तिला दिसले आणि त्या डोळ्यांना ती दिसली, याबद्दल तिची खात्री होती. तो जागच्या जागी खिळला. पण चिमणी खिळली नाही. चिमणीला हात दिसत होते, वर आलेले, हलते. तिने एक पाऊल डावीकडे टाकलं आणि शिकवल्याप्रमाणे केलं. दोन टक टक छातीवर. तिसरी मास्कवर, जिथे मास्क नव्हता.

नानांची शिट्टी त्यानंतर वाजली.

उजवा डोळा वाचला नाही. डॉक्टर बाईंनी हात हातात घेऊन समजावलं, की गोळी प्लास्टिकची असली तरी एवढ्या जवळून डोळ्यावर बसली तर आतलं सगळंच फाटतं. उस्तादने मान डोलावली. हेच वाक्य ती दरवर्षी टेबलापाशी म्हणायची, फक्त जरा जास्त आवाजात. चिमणी येऊन पायाशी बसून ओक्साबोक्शी रडली. "उस्ताद, मी बघायला हवं होतं."

"तू बरोबर केलंस," उस्ताद म्हणाली. "मी तुला जे शिकवलं ते केलंस. आता रडू नकोस, मला एकाच डोळ्याने रडता येतं, मी मागे पडेन."

चौकशी झाली, आणि पट्टीची चूक तिने सरळ सांगितली. नानांना त्यात ओढू दिलं नाही. पण लोकांच्या तोंडी दुसरीच गोष्ट होती. पहाऱ्याचं पिस्तूल तपासलं तेव्हा त्याच्या सेफ्टीचा खटका लावलेलाच सापडला. निळ्या पिस्तुलांना तो खटका नसतो. म्हणजे पोराला शेवटच्या क्षणी उमगलं, त्याने हात आवरला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ज्याला 'ब्रेक' म्हणून चिडवत होते त्याची आता पाठ थोपटत होते. परीक्षेतही त्याला उत्तीर्ण केलं, कारण अशा घडीला भान राखणारा माणूस हवाच असतो, असं वरिष्ठ म्हणाले.

ताई इस्पितळात आली ती पदराने डोळे पुसतच आली. बहिणीचं तोंड न बघण्याची गोष्ट कुठल्या कुठे गेली होती. उलट पट्टी बांधलेल्या त्या तोंडावरून ती हात फिरवत राहिली. "तू स्वतःचा डोळा दिलास गं. पण माझं पोर थांबलं. चेहरा बघितला आणि थांबलं. मी म्हणत नव्हते, हळवं आहे?" मग ती चहा आणायला खाली गेली आणि खोलीत मावशीपाशी भाचा एकटा उरला. इतका वेळ तो खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"मावशी," तो म्हणाला.

"बोल. इकडच्या बाजूला ये, तिकडून दिसत नाहीस."

तो डाव्या बाजूला आला. बसला नाही.

"मी थांबलो नव्हतो."

तिला वाटलं, पोर घाबरलंय, काहीतरी बरळतंय. "अरे, खटका लावलेला होता."

"खटका लावलेलाच होता, फाटकावर पिस्तूल दिलं तेव्हापासून. मला त्याची आठवणच नव्हती. आपल्या पिस्तुलांना कुठे असतो? तू मास्क काढलास, मला तू दिसलीस. मावशी आहे हे कळलं. स्पष्ट कळलं. आणि तरी मी चाप ओढला." त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं. "हललाच नाही. मला वाटलं, पिस्तूल अडकलं. म्हणून परत ओढला."

तिच्या मनात सगळ्यात आधी जे आलं, ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. पोरगं अडलं नाही, असं तिच्या मनात आलं. शिकलं एकदाचं. छाती अभिमानाने भरून आली, आणि लगेच त्या अभिमानाची तिला अशी किळस वाटली की तिने बाजूचं तस्त तोंडाजवळ ओढलं. उलटी आली नाही. त्या घरात पिस्तूल रोखलेलं असतानाही तिला या पोराची भीती वाटली नव्हती. आत्ता, रिकाम्या हातांनी तो पलंगाशी उभा होता, आणि तिला त्याची भीती वाटत होती. त्याचं हे असं कुणी केलं, हेही तिला ठाऊक होतं.

"आईला सांगू का?" त्याने विचारलं.

"नको."

"आणि उस्तादना?"

"ते सांगून झालं," ती म्हणाली.

ताई तीन कप सांभाळत आत आली. तिने एक कप बहिणीच्या हाती दिला आणि जाता जाता मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ताई," उस्ताद म्हणाली, "याला घरी घेऊन जा. आजच. नोकरी नको."

"अगं, आता काय झालं? पास झालाय ना तो?"

"झालाय. म्हणूनच ने."

ताईला काही उलगडेना. ती एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. भाच्याने कोपऱ्यातली आपली बॅग उचलली आणि आईच्या हातातला कप घेऊन टेबलावर ठेवला.